वारूळ, काळी माती आणि 610 फूट धुराळा

2019 च्या मे महिन्यात आम्ही शेतात बोअर घेतला. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं कोरडवाहू रान, एक जुनी विहीर, तीही मार्चातच तळाला गेलेली. जागा पाणाड्यानं दाखवली. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाच्या कडेकडेनं चालला आणि वारुळाजवळ आल्यावर नारळ ताडकन उभा राहिला. "इथं दोन शिरा कापतेत एकमेकीला. तीनशेच्या आत पाणी हाय," तो म्हणाला. तात्यांनी तिथं चुन्याची फक्की मारली, वर चार दगड रचले.

गाडी रात्री अकराला आली. चाळीस फूट केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणूनचा पाइप, बसलं, मग काळा पाषाण सुरू झाला आणि पांढुरका धुराळा उडायला लागला. बोअर घेणाऱ्या घरातली माणसं त्या रात्री दुसरं काही करत नाहीत, धुराळ्याचा रंग बघत बसतात. 200 फुटांना तो तांबूस झाला, ओलसर पडला, मुठीत दाबला तर गोळा होऊ लागला. सगळे बाजेवरून उठले. वीस फुटांनी पुन्हा कोरडा. खरं तर राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे 200 फुटांच्या खाली जायला मनाई आहे. पण त्या रात्री ते कुणाच्या डोक्यात नसतं, आमच्याही नव्हतं. 610 फुटांना तात्या म्हणाले, "बास करा."

आता मौज अशी, की आमच्या त्या कोरड्या भोकापासून 180 पावलांवर चुलत्यांचा बोअर आहे. तो 240 फुटांवर लागला, दोन इंची धारेचा. शिवार तेच, माती तीच, पाऊस तोच. गावानं एका शब्दात निकाल लावला: नशीब. मला ते पचलं नाही. मिळेल ते वाचत आणि भेटेल त्याला विचारत गेलो, तर हा प्रश्न वाळवीच्या बिळातून सुरू होऊन थेट अणूच्या पोटापर्यंत गेला. जे कळलं ते जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

वारुळापासूनच सुरू करू, कारण फसवल्याचा पहिला आळ त्याच्यावर गेला होता. वारूळ आणि पाणी ही जोडी आमच्या पाणाड्यानं मनानं लावलेली नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं याचा. माणसाच्या अंगात शिरा तशा जमिनीतही वरखाली शिरा असतात, असं तो म्हणतो. आपण अजून 'शीर लागली' असंच बोलतो. जांभळाच्या पूर्वेला लागून वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशा खुणाही त्यात आहेत. पुरुष म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस, साधारण साडेसात फूट. दोन पुरुष म्हणजे पंधरा फूट! वराहमिहिर पंधरा-वीस-तीस फुटांचं बोलत होता. आपण त्याच्या खुणेवर 600 फूट गेलो.

वारुळाची ओल खरी आहे, आणि तिचं कारण वाळवीच्या कातडीत आहे. मुंगीसारखी कडक, मेणचट पाठ वाळवीला नसते. उन्हात टाकली तर थोड्याच वेळात ती सुकून मरते. म्हणून ती झाडावर चढतानाही मातीचा बोगदा बांधत चढते. आपल्याकडं बांधावर, माळावर उंच वारूळ रचणारी जात आहे तिचं शास्त्रीय नाव ओडोन्टोटर्मिस ओबेसस. ही शेतकरीणच आहे: वारुळाच्या पोटात चावलेल्या लाकूडपाल्याचे गड्डे रचून त्यावर बुरशी पिकवते आणि ती खाते. पावसाळ्याच्या तोंडाला वारुळावर अळंबी उगवते ना, ती याच बुरशीची छत्री. या बुरशीला हवा जवळजवळ पूर्ण दमट लागते. त्यासाठी कामकरी वाळव्या खालची ओली माती तोंडात धरून वर आणतात आणि बाहेर 42 अंश असलं तरी आतला दमटपणा टिकवतात.

एवढी लाखो जीवांची वस्ती श्वास कशी घेते, हेही मोठं गमतीचं आहे. याच जातीच्या भारतातल्या वारुळांवर 2015 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या नळ्या तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री बाहेरचा भाग आधी निवतो आणि चक्र उलटं फिरतं. पंखा नाही, मोटर नाही. फक्त दोन जागांमधला फरक. हा 'फरक' शब्द ध्यानात ठेवा, पुढं पाण्यापाशी तो परत लागणार आहे.

तर वारूळ खोटं बोलत नाही. खाली काही फुटांवर ओल आहे, एवढंच ते सांगतं. ती ओल मातीची असते, झऱ्याची असेलच असं नाही; आणि तीनशे फुटांवरच्या दगडाचं तर त्या बिचाऱ्या वाळवीला काहीच ठाऊक नसतं. एक मात्र आहे. पाणी दाखवण्यापेक्षा पाणी मुरवण्यात तिचा हात मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात गव्हाच्या शेतात मुंग्या आणि वाळव्या राहू दिल्या तर पीक 36 टक्क्यांनी वाढलं, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. कारणांतलं एक म्हणजे त्यांच्या बिळांवाटे पाणी जमिनीत जास्त उतरलं. आपल्याकडं नागपंचमीला बायका वारुळाला लाह्या-दूध वाहतात. मान नागोबाला मिळतो, तो तिथला भाडेकरू. घर बांधणारीला औषधाचा फवारा.

आता वारुळाखालची माती. दुकानात 2021 पासून नॅनो युरियाच्या बाटल्या दिसायला लागल्या आणि नॅनो म्हणजे काहीतरी परदेशी, प्रयोगशाळेत बनणारं, असा समज झाला. पण मराठवाड्याचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नॅनो पदार्थातच नांगर धरून चालतो आहे. आपली काळी माती चिकट का, ती फुगते का आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा का देते, याचं उत्तर मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजात आणि त्याच्या भाऊबंदांत आहे. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, हजारो वर्षं कुजून त्यातून ही चिकणमाती तयार होते.

या खनिजाचा कण म्हणजे पापुद्र्यांची गड्डी. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाड. केसाच्या जाडीत असे पाऊण लाख ते लाखभर पापुद्रे मावतील. इतकं पातळ काही असलं की त्याचा पृष्ठभाग बेसुमार वाढतो. या मातीच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर 700 ते 800 चौरस मीटर जागा व्यापतील. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं. तशी सहा मैदानं, चिमूटभर मातीत.

या पापुद्र्यांवर थोडा ऋण विद्युतभार असतो, कारण ते घडताना काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. तो भार फेडायला दोन पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, येऊन बसतात, आणि त्यांच्यामागून पाणी शिरतं. शिरतं तेही शिस्तीनं: आधी रेणूंचा एक थर, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थरागणिक पापुद्रे एकमेकांपासून सरकतात आणि अख्खं रान फुगतं. मधल्या जागेत सोडियम जास्त झालं तर पापुद्रे एकमेकांना धरूनच राहात नाहीत, मातीची घडी मोडते आणि जमीन चोपण होते.

म्हणून मृगाचा पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो. मग चार-आठ दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचा जोराचा पाऊस वरच्या वर ओढ्याला. जे आत शिरलं तेही सुटं नसतं, पापुद्र्यांनी घट्ट धरलेलं असतं. पिकाची मुळं त्यातलं निम्मंशिम्मं ओढून घेतात. शाळू दिवाळीनंतर नुसत्या ओलीवर येतो तो याच उधारीवर. विहिरीला मात्र ही माती सहजासहजी थेंब देत नाही. 'वापसा' हा आपला शब्द मला फार आवडतो: पाणी निथळून गेलेलं, ओल उरलेली, हवा आत शिरलेली, चिखल नाही आणि ढेकूळही नाही. पाण्याच्या रेणूंचा आणि पापुद्र्यांचा एवढा सगळा व्यवहार आपल्या बापजाद्यांनी पायानं माती दाबून ओळखला.

इथंच आमच्या 200 फुटांवरच्या तांबूस ओलीचा उलगडा होतो. पण त्यासाठी दगडात उतरायला हवं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर आले. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक पूर यायचा, थिजायचा, मध्ये काळ जायचा, त्याच्यावर दुसरा. दुरडीत भाकरींची चवड रचावी तसे थरावर थर. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं 617 मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात 338 मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, मग 8 मीटर जुना गाळ, आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक. किल्लारी आमच्याच तालुक्यात. म्हणजे आमच्या पायाखाली ही चवड अकराशे फुटांच्या आसपास जाड असणार, आणि आमचा 610 फुटांचा बोअर कसाबसा अर्ध्यावर पोचला होता.

भाकरीचीच उपमा पुढं चालवतो. तव्यावरची भाकरी फुगते तेव्हा वरचा पापुद्रा सुटा, पोकळ होतो आणि खालचं अंग घट्ट राहतं. लाव्ह्याचंही तसंच. थर थिजताना आतला वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि वरच्या भागात अडकतो. म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, तळ आणि मधलं अंग घट्ट. सच्छिद्र दगडातली भोकं पुढं पांढऱ्या खनिजांनी भरतात, त्याला आपल्याकडं मांजऱ्या म्हणतात. घट्ट तो काळा पाषाण. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग उन्हापावसात कुजला आणि त्यावर पुढचा तापलेला थर येऊन बसला, तिथं लाल मातीचा पट्टा तयार झाला. बोअरवाले म्हणतात, गेरू लागला. बालाघाटातल्या घाटरस्त्यांवर फोडलेल्या दरडीकडं बघत गेलात तर काळ्या थरांच्या मध्ये ही लाल रेघ कुठं ना कुठं दिसतेच.

या गेरूतही तीच फुगणारी चिकणमाती असते. ओल धरून बसायची, सोडायची नाही. त्या रात्री 200 फुटांना धुराळा तांबूस-ओला झाला तो गेरूमुळं. आम्ही ज्याला पाणी समजून उठून उभे राहिलो, ती पापुद्र्यांत अडकलेली ओल होती.

मग मोकळं पाणी असतं कुठं? वरच्या कुजलेल्या भागात, म्हणजे मुरमात, थरांच्या सच्छिद्र माथ्यात, आणि भेगांत. बाकी पाषाण कोरडा ठक्क. जमिनीखाली नद्या वाहतात ही आपली आवडती कल्पना आहे, पण ती खरी नाही. आपल्या दगडाची साठवण किती, याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. भूजल मोजणीसाठी सरकारी निकष आहेत. कुजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून सुटून येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के धरतात. घट्ट पाषाणासाठी 0.3 टक्के. गंगेकाठच्या वाळूसारख्या गाळाला सोळा टक्के. आता पाऊस धरू 700 मिलिमीटर. बेसाल्टच्या मुलखात त्यातला सात ते तेरा टक्के वाटा खाली मुरतो असं धरतात. आपण दहा धरू. झाले 70 मिलिमीटर, म्हणजे चार बोटं पाणी. हे दोन टक्के पोकळीच्या दगडात ओतलं तर पातळी साडेतीन मीटर वर येते. गंगेकाठच्या वाळूत तेच ओतलं तर अर्धा मीटरही नाही.

म्हणून श्रावणात आपल्या विहिरी पटकन भरतात आणि माणूस हुरळतो. भांडं अरुंद आहे म्हणून पातळी उंच दिसते, पाणी चार बोटंच आहे. तितक्याच वेगानं ती उतरते. आता उसाचं बघा. त्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. सगळा पाऊस उसाच्याच मुळाशी मुरला असं उदारपणे धरलं तरी तेराशे कमी पडतात. तेराशे भागिले सत्तर. म्हणजे एक एकर ऊस अठरा-एकोणीस एकरांचं मुरलेलं पाणी पितो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या वर्षी पाऊस रुसला होता हे खरंच. पण हा भागाकार त्याच्या आधीही तसाच होता. ऊस लावणाऱ्याला शिव्या द्यायचा माझा इरादा नाही. आमच्याकडंही एकेकाळी दोन एकर होता.

आता पाणी वाहतं कसं. 1856 साली फ्रान्समध्ये दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या ऑन्री दार्सी या अभियंत्यानं वाळू भरलेल्या नळातून पाणी सोडून मोजमापं घेतली. निष्कर्ष साधा. पाणी किती वाहील ते दोन टोकांच्या पातळीतल्या फरकावर ठरतं, मधल्या अंतरानं ते घटतं, आणि वाळू किती मोकळी यावर त्याचा गुणाकार. वारुळातल्या हवेला जो फरक चालवतो त्याच जातीचा हा फरक. जगभरचं भूजलशास्त्र अजून या नियमावर उभं आहे.

पण आपल्याकडं वाळू नाही, भेग आहे, आणि भेगेचं गणित फार निष्ठुर आहे. सपाट भेगेतून जाणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या पटीत बदलतं. एक मिलिमीटरची भेग दोन मिलिमीटर झाली तर पाणी दुप्पट होत नाही, आठपट होतं. अर्धी झाली तर आठवा हिस्सा. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा फरक आणि एकाचा बोअर दोन इंची, दुसऱ्याच्या पदरात धुराळा. गाव ज्याला नशीब म्हणतं, त्याचा बराचसा भाग हा घन आहे.

त्यात आणखी एक गोम. दगड थिजताना आकसतो आणि त्याला पडणाऱ्या बऱ्याच भेगा उभ्या असतात. आपण बोअरही उभाच घेतो. सहा इंची उभं छिद्र दोन उभ्या भेगांच्या मधून शेकडो फूट खाली जाऊ शकतं, एकीलाही न शिवता. आडव्या फटी, म्हणजे थरांचे सांधे, तेवढे हमखास लागतात. पण तिथं गेरू बसलेला असला की तो पाणी सोडत नाही. शिवाय लाव्ह्याचे थर चादरीसारखे एकसंध नसतात. पुष्कळदा ते जिभांनी पसरलेले असतात, शेण सारवताना हाताचे फराटे एकमेकांवर यावेत तसे. चुलत्यांना 240 फुटांवर मांजऱ्याची एक जीभ लागली. आमच्याकडं त्याच खोलीवर घट्ट पाषाण होता.

मग आधी कळत नाही का? हेच आम्ही नंतर, पैसे गेल्यावर, विचारलं. भूगर्भतज्ज्ञ जमिनीत चार सळया ठोकून वीज सोडतात आणि विरोध मोजतात. ओला मुरूम विजेला सहज वाट देतो, कोरडा पाषाण देत नाही. ही पद्धत नारळापेक्षा हजार पटीनं बरी. पण तिलाही चकवा आहे: चिकणमातीसुद्धा विजेला सहज वाट देते. यंत्राला गेरू आणि पाणी यांत फरक करणं जड जातं. आमच्यासारखंच.

आणि इथं क्वांटम भौतिकी दारात येऊन उभं राहतं. विजेचा विरोध वगैरे आडवळणं सोडून थेट पाण्याच्या रेणूला हाक मारायची एक पद्धत आहे. लातूरला किंवा संभाजीनगरला एमआरआय काढून आलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. तो धडधडणारा बोगदा आणि ही पद्धत सख्ख्या बहिणी आहेत.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. आपली होकायंत्राची सुई कुठल्याही कोनात धरता येते. प्रोटॉनला ती मुभा नाही. चुंबकीय क्षेत्रात त्याची मोजणी केली की उत्तर दोनच मिळतात: क्षेत्राच्या बाजूनं किंवा विरुद्ध. मधलं काही निघतच नाही. क्वांटमचा सगळा विचित्रपणा या 'दोनच'मध्ये आहे. या दोन अवस्थांच्या ऊर्जेत ठरलेला फरक असतो (पुन्हा फरक!), आणि बरोबर तेवढ्याच मापाची लहर आली तरच प्रोटॉन एकीतून दुसरीत उडी मारतो. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या यंत्रात ही लहर सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख कंपनांची असते. पृथ्वीचं चुंबकत्व त्या यंत्राच्या पस्तीस हजारावा हिस्सा. म्हणून आपल्या भागात तीच लहर सेकंदाला 1,800 ते 1,900 कंपनांपर्यंत खाली येते.

करायचं असं. रानात पन्नास ते शंभर-दीडशे मीटर व्यासाची केबल गोल अंथरायची. तिच्यात नेमक्या त्या कंपनांची वीज क्षणभर सोडायची आणि बंद करायची. जमिनीतल्या पाण्याचे प्रोटॉन हलतात आणि परत जागेवर येताना तीच केबल त्यांची अगदी क्षीण गुणगुण ऐकते. गुणगुण जितकी मोठी तितकं पाणी जास्त. आणि ती किती वेळ टिकली यावरून पाणी कसल्या जागेत आहे ते कळतं. मातीच्या पापुद्र्यांत अडकलेल्या पाण्याची गुणगुण इतक्या लवकर विझते की यंत्राला ती ऐकूच येत नाही. भेगेतल्या, पोकळीतल्या मोकळ्या पाण्याची टिकते. म्हणजे ज्या ठिकाणी आम्ही आणि ते विजेचं यंत्र दोघंही फसलो, तिथं ही पद्धत फसत नाही. 1980 च्या आसपास सोव्हिएत संघातल्या नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी यासाठीचं पहिलं यंत्र बनवलं.

गुणगुण क्षीण का, तर दोन्ही अवस्थांतले प्रोटॉन जवळजवळ सारखेच असतात आणि एकमेकांना खोडून काढतात. पृथ्वीच्या क्षेत्रात हजार कोटी प्रोटॉनांमागं एखाद-दुसराच जास्तीचा निघतो. काम चालतं ते केवळ पाण्यात प्रोटॉन अगणित असतात म्हणून. पेलाभर पाण्यातसुद्धा असे जास्तीचे वीस कोटी-कोटी सापडतील.

मग हे यंत्र गावोगाव का फिरत नाही? महाग तर आहेच. पण आपली अडचण वेगळी आणि मोठी मजेशीर आहे. शेतातली वीज सेकंदाला 50 कंपनांची, आणि तिच्या पटी सगळ्या तारांत घुमत असतात. 37 गुणिले 50 किती? 1,850. म्हणजे ज्या सुरात प्रोटॉन बोलतो, त्याच सुरात शेजारच्या मोटारी आणि डीपी आरडाओरडा करत असतात. रात्रीची लोडशेडिंग या एका कामाला मात्र उपकारक! दुसरी अडचण दगडाची. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. त्यामुळं चार पावलांवर चुंबकीय क्षेत्र बदलतं, प्रोटॉनांचा सूर विस्कटतो आणि हाक विरून जाते. वाळूच्या मुलखात हे यंत्र छान चालतं. आपला काळा दगड त्यालाही दाद देत नाही.

हे सगळं मी तात्यांना एकदा ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरत सगळं ऐकलं. मग विचारलं, "ते जाऊ दे. उभ्या भेगा म्हणलास न्हवं? मग आडवं का खणू नये?"

बरोबर होतं त्यांचं. सतराव्या शतकात मलिक अंबरानं औरंगाबादेत जी नहर काढली, ती जमिनीखालून आडवीच नेली होती. डोंगरपायथ्याचा पाझर उतारानं गोळा होत शहरात यायचा, ना मोट ना मोटर. जुन्या बारवाही बहुतेक वरच्या मुरमातच उभ्या आहेत, जिथं पाणी मोकळं असतं. आणि खोल बोअरचा आणखी एक तोटा तेव्हा माझ्या ध्यानात आला: केसिंग फक्त वरच्या चाळीस फुटांचं, त्याखालची भिंत उघडी. केसिंगखालच्या एखाद्या भेगेतलं पाणी त्या छिद्रातून खालच्या कोरड्या भेगांत उतरून जातं. शेजारी बोअर झाला की विहीर आटते, ही गावातली तक्रार नुसती भाऊबंदकी नव्हे.

2021 च्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या विहिरीतला गाळ काढला. 36 फुटांवर मुरूम संपून पाषाण सुरू होतो, त्या सांध्याच्या जरा वर चार दिशांना आडवे बोअर मारले, प्रत्येकी शंभर फूट. पहिले दोन कोरडे गेले. तिसऱ्यातून, ओढ्याच्या बाजूच्या, आधी गढूळ आणि मग करंगळीएवढी धार आली. चौथ्यात थोडा पाझर. दोन इंची बिंची काही नाही. पण विहीर आता मार्चाऐवजी एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकते, आणि हरभऱ्याला शेवटचं एक पाणी जास्त मिळतं.

610 फुटांच्या भोकावर आम्ही फरशी बसवून वर दगड ठेवला आहे, पोरंसोरं खेळतात म्हणून. शेजारचं वारूळ अजून आहे, आता कमरेएवढं झालंय. विहिरीच्या कठड्याला तात्यांनी गाठी मारलेली दोरी बांधली आहे. एकेक गाठ हातभर अंतरावर. दर रविवारी ते दोरी सोडतात, भिजलेल्या गाठी मोजतात आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर, मागच्या कोऱ्या बाजूला, आकडा लिहून ठेवतात. गेल्या रविवारी अकरा होत्या.